वाहत्या समुद्रबर्फावरचा कॅम्प: नाशिकहून निघण्यापासून रोजच्या कामापर्यंत

आर्क्टिकच्या मोहिमेवर जायचं म्हणणारी मंडळी नाशिकमध्ये अधूनमधून भेटतात. कुणी भूशास्त्राचा विद्यार्थी, कुणी सातपूर-अंबडमध्ये उपकरणं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, एखादी डॉक्टर. तयारीची चौकशी केली की यादी ठरलेली: एक जाडजूड जॅकेट, पहाटे गार पाण्याची अंघोळ आणि दर रविवारी कळसूबाई. यातलं काहीच वाया जात नाही, पण कॅम्पवर यातलं फारसं कामालाही येत नाही. तिथे माणसं फसतात ती क्रम चुकल्याने. घाम आल्यावर थर काढतात, काम उरकल्यावर वेळ लिहितात, भेग ओलांडल्यावर रेडिओ हातात घेतात. म्हणून या लेखात 'काय' पेक्षा 'कशाच्या आधी काय' यावर जास्त भर आहे.

## टप्पा १: कॅम्प कोणता, ते विचारून घ्या

पहिला गोंधळ इथेच होतो. भारताचं 'हिमाद्री' स्टेशन नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या न्यू-ऑलेसुंडला २००८ पासून आहे आणि गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ते चालवतं. पण हिमाद्री जमिनीवर आहे. सकाळी उठल्यावर ते काल होतं तिथेच असतं. वाहता कॅम्प म्हणजे समुद्राच्या गोठलेल्या कवचावरचा मुक्काम. पायाखाली एक-दोन मीटर बर्फ, त्याखाली तीन-चार किलोमीटर खोल समुद्र, आणि सगळं मिळून वाऱ्याबरोबर सरकत असतं.

वाहत्या कॅम्पचेही दोन प्रकार आहेत. एकात जहाज बर्फाच्या मोठ्या तुकड्याला बांधून ठेवतात आणि माणसं जहाजावर झोपतात. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेचं 'पोलारस्टेर्न' ४ ऑक्टोबर २०१९ ला असंच एका तुकड्याला लागलं आणि मोझॅक ही आर्क्टिकच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय मोहीम त्याच्यासोबत वाहत गेली. दुसऱ्या प्रकारात तंबू किंवा लाकडी झोपड्या थेट बर्फावर असतात. ध्रुवाजवळ अनेक वर्षं वसंतात उभा राहिलेला रशियन 'बार्निओ' कॅम्प या प्रकारचा. एकात संध्याकाळी गरम शॉवर मिळतो, दुसऱ्यात नाही. सामानाची यादी यावरच ठरते.

आयोजकांना लेखी विचारायचं ते एवढंच:

१. महिना कोणता?
२. झोपायचं कुठे?
३. बाहेरचे कपडे आणि बूट ते देणार आहेत का?
४. निघायचं बंदर किंवा विमानतळ कोणता?
५. परतीला उशीर झाला तर जास्तीत जास्त किती?

महिन्याचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. मार्चमध्ये उणे तीस असतं, बर्फ कोरडा आणि कडक असतो. जुलैत पारा शून्याच्या आसपास रेंगाळतो, बर्फावर वितळलेल्या पाण्याची तळी साचतात, धुकं असतं आणि दिवसभर पाय ओले होतात. उणे चाळिसाची तयारी करून जुलैत पोचणारा माणूस गमबूट शोधत फिरतो.

सावध: परतीचं तिकीट बदलता येईल असंच काढा. मोझॅकमध्ये फेब्रुवारी २०२० ला माणसं आणि सामान घेऊन येणारं रशियन बर्फफोडं जहाज दाट बर्फात रखडलं होतं आणि अदलाबदल लांबली होती. 'अमुक तारखेला भावाच्या हळदीला पोचतोच' असं घरी सांगून निघू नका.

## टप्पा २: कागद, दात, चष्मा

व्हिसात एक नेहमीची चूक होते. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही हे खरं, पण तिथे जाणारं विमान नॉर्वेतून सुटतं, म्हणजे शेंगेन क्षेत्रातून (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश), आणि स्वालबार्ड त्या क्षेत्राच्या बाहेर आहे. जाताना तुम्ही बाहेर पडता, येताना पुन्हा आत शिरता. म्हणून व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. मुंबईला अर्ज देताना 'सिंगल एन्ट्री'वर खूण केलीत तर जाणं सुरळीत होईल, येताना अडकाल. ट्रोम्सोसारख्या बंदरातून जहाजाने निघणार असाल तरी हा मुद्दा आयोजकांकडून लेखी पक्का करून घ्या.

वैद्यकीय तपासणी आयोजक सांगतील तशी कराच, पण दाताच्या डॉक्टरकडे दोन महिने आधी जा. निघायच्या आठवड्यात रूट कॅनाल सुरू करणारे लोक आहेत. बर्फावर दंतवैद्य नसतो, आणि गार हवेची एक झुळूक किडलेल्या दाताला पुरते.

चष्मा असेल तर दुसरा जोड हवाच, शक्यतो प्लास्टिकच्या फ्रेमचा. धातूची फ्रेम नाकाच्या कडेला चावते. अंगठी, कडं, बांगड्या, जोडवी, कानातलं हे बर्फावर जाण्याआधी उतरवायचं. धातू त्वचेतली ऊब ओढून घेतो, आणि गारठून बोट सुजलं तर अंगठी निघत नाही. मंगळसूत्र ठेवायचंच असेल तर अंगालगतच्या थराच्या वर, दुसऱ्या थराच्या आत.

पाळीचं सगळं सामान स्वतःचं न्या, मुक्कामाच्या दीडपट मोजून. कप वापरायचा विचार असेल तर घरी दोन-तीन महिने सवय करून मगच न्या. पहिला प्रयोग तंबूत नको.

## टप्पा ३: कपडे, आतून बाहेर

खरेदी आतल्या थरापासून करायची. बहुतेक जण उलट करतात: पगाराचा मोठा तुकडा जॅकेटवर घालवतात आणि आत सुती बनियन तसंच राहतं. बाहेरचा थर बऱ्याच मोहिमांत आयोजकच देतात. अंगाला लागणारा थर मात्र तुमचा, आणि सगळा खेळ त्याच्यावर आहे.

लेबल वाचा. मेन रोडवर थर्मल म्हणून मिळणाऱ्या जोडांत सूत मिसळलेलं असू शकतं. कॉटन शब्द दिसला की ठेवून द्या. सुती कापड घाम पितं आणि धरून ठेवतं, आणि तो घाम थांबल्याबरोबर गार होतो. मेरिनो लोकर किंवा पूर्ण सिंथेटिक घ्या, दोन जोड. त्यावर फ्लीस, त्यावर वारा अडवणारं. हिवाळ्यात तिबेटी बाजारातून घेतलेला स्वेटर जेवणाच्या खोलीत घालायला झकास.

हातांसाठी तीन गोष्टी: पातळ आतला मोजा, कामाचा मोजा आणि सगळ्यावर चढणारा, चारही बोटं एकत्र असलेला मिटन. मिटनला दोरी लावून ती गळ्यातून घ्या. वाऱ्यात उडालेला मिटन परत मिळत नाही.

बूट एक माप मोठा. दोन मोजे चढवून बूट घट्ट झाला तर दोन मोज्यांचा उपयोग शून्य. ऊब हवेत असते, हवेला जागा हवी.

तपासा: बूट घालून आत सगळी बोटं हलतात का? मिटन घालून जॅकेटची चेन वर-खाली होते का? होत नसेल तर चेनला सहा इंचाची नाडी बांधा.

जाता जाता: खोबरेल तेल नेऊ नका. नाशिकच्या डिसेंबरातच ते गोठतं.

## टप्पा ४: शीतगृहातली तालीम

ही गोष्ट नाशिककरांना जेवढी सोपी आहे तेवढी महाराष्ट्रात फार कमी जणांना असेल, आणि तरी कुणी करत नाही. जिल्ह्यात शीतगृहांची वाण नाही. मात्र नीट निवडा. द्राक्षाच्या प्रीकूलिंगच्या आणि साठवणीच्या खोल्या शून्याच्या आसपास असतात, त्यांचा उपयोग नाही. तुम्हाला गोठवलेल्या मालाची खोली हवी: आइस्क्रीम, मटार, गोठवलेला गर. तिथे उणे अठरा किंवा त्याखाली असतं. द्राक्षाच्या हंगामात, साधारण जानेवारी ते एप्रिल, मालकाकडे वेळ नसतो. पावसाळ्यात विचारा.

आत शिरण्याआधी तीन गोष्टी. दार आतून उघडणारी कडी स्वतःच्या हाताने उघडून पाहा. अमोनिया वापरत असतील तर गळतीच्या वेळी बाहेर पडायची वाट विचारा. आणि तिथला एक कामगार सोबत हवा. एकट्याने जायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

आता क्रम:

१. आतला आणि मधला थर घालून या. बाहेरचा थर दाराच्या अगदी तोंडाशी, शेवटच्या मिनिटाला चढवा. अंगणातच सगळं चढवलंत तर आत जाण्याआधीच घामाने भिजाल. कॅम्पवरही हेच होतं: गरम केबिनमध्ये सगळा जामानिमा करून गप्पा मारत उभी राहिलेली माणसं बाहेर पडतात तीच ओली.

२. पहिली दहा मिनिटं नुसतं बसा. थोडं गार वाटायला हवं. मस्त ऊबदार वाटत असेल तर एक थर जास्त आहे.

३. पुढची पंधरा मिनिटं काम. बॉक्स उचला, ठेवा, ढकला.

४. पुन्हा दहा मिनिटं बसा. खरी परीक्षा या तिसऱ्या भागात आहे. काम करताना कुणालाच थंडी वाजत नाही. काम थांबल्यावर घामाचा हिशेब होतो.

५. शेवटी बोटांची कामं: टॉर्चचे सेल बदला, गाठ मारा आणि सोडा, पिशवीची झिप लावा, वहीत पाच ओळी लिहा. कोणतं काम मिटन घालून जमतं, कोणतं कामाच्या मोज्याने, कोणत्यासाठी आतल्या मोज्यावर यावं लागतं, याची यादी करा. ती यादी कॅम्पवर सोन्यासारखी आहे. बॉलपेन बंद पडेल. म्हणूनच बर्फावर पेन्सिल नेतात, वहीला दोरीने बांधून.

६. बाहेर येताना फोन आणि चष्म्याचा एक जोड आतच झिपच्या पिशवीत बंद करा, मग बाहेर आणा. दुसरा जोड तसाच आणा. दव कशावर धरतं ते डोळ्यांनी पाहा. कॅमेऱ्याच्या पोटात हेच दव धरतं.

तपासा: बाहेर आल्याबरोबर पाठीवर, कमरेच्या वर हात लावा. ओलं असेल तर पुढच्या खेपेला एक थर कमी.

शीतगृह एक गोष्ट शिकवत नाही, ती म्हणजे वारा. उणे तिसात ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला उणे सेहेचाळीस असल्यासारखं होतं. त्यासाठी तालीम नाही. नाक आणि गाल झाकायची सवय मात्र इथूनच लावा.

ताकदीसाठी डोंगर चढण्यापेक्षा ओढणं शिका. तिथे सामान स्लेजवर असतं आणि स्लेज कमरेच्या पट्ट्याने ओढतात. गोल्फ क्लब मैदानावर पहाटे जुना टायर कमरेला बांधून चाला. लोक बघतील, बघू द्या. वेग असा ठेवा की नाकाने श्वास पुरेल. तोच बर्फावरचा वेग.

## टप्पा ५: पोचल्यावर, काम सुरू करण्याआधी

सुरक्षेचं प्रशिक्षण होतं तेव्हा प्रवासाने डोळे मिटत असतात. तरी चार गोष्टी हाताने करून पाहा: तरंगणारा सूट चढवणं, रेडिओचं चॅनेल बदलणं, गळ्यातल्या बर्फाच्या आकड्या (पाण्यात पडल्यावर बर्फात रोवून वर यायच्या) बाहेर काढणं, फ्लेअर पिस्तूल (अस्वलाला हुसकायला पेटती गोळी उडवणारं) भरणं आणि रिकामं करणं.

मग घड्याळ. ध्रुवाजवळ सूर्य वेळ सांगत नाही. उन्हाळ्यात मावळत नाही, हिवाळ्यात उगवत नाही. सगळा कॅम्प एका ठरलेल्या वेळेवर चालतो आणि विज्ञानाच्या नोंदी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या वेळेत, होतात. फोन, मनगटी घड्याळ, कॅमेरा, प्रत्येक उपकरण, सगळ्यांची वेळ पहिल्या संध्याकाळी एकत्र बसून जुळवा. एकाचा कॅमेरा भारतीय वेळेवर राहिला तर त्याचे फोटो साडेपाच तास पुढे जातात, आणि बर्फाच्या कुठल्या भेगेचा फोटो आधीचा हे कुणालाच सांगता येत नाही.

घरच्यांना निघण्याआधीच सांगा की सॅटेलाइटवरून बोलणं मोजकंच होईल. फोन आला नाही म्हणजे काही झालं असं नाही. आयोजकांशी बोलायला घरातलं एकच माणूस ठरवून द्या, नाहीतर मामापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे ईमेल करतात.

## टप्पा ६: सकाळचा क्रम

१. हवामान आणि रात्रीत सरकलेलं अंतर बघा. ढोबळ हिशेब असा: बर्फ वाऱ्याच्या वेगाच्या सुमारे दोन टक्क्यांनी वाहतो, वाऱ्याच्या दिशेच्या जरा उजवीकडे. सेकंदाला १० मीटरचा वारा दिवसभर राहिला तर कॅम्प सतरा किलोमीटरच्या आसपास सरकलेला असतो.

२. भरपेट खा, पाणी प्या, लघवीला जाऊन या. बाहेर कपडे सोडायला नको म्हणून पाणीच न पिणं ही नव्यांची हमखास चूक. थंड कोरड्या हवेत श्वासातूनच पाणी जातं. दुपारपर्यंत डोकं धरतं, आणि कोरडं पडलेलं शरीर लवकर गारठतं. बाहेरच्या दिवसाला ४,००० कॅलरीच्या आसपास खाणं लागतं. उपास असेल तर त्या दिवशी केबिनमधलं काम मागून घ्या.

३. सामान स्लेजवर. रेडिओच्या आणि उपकरणांच्या बॅटऱ्या मात्र आतल्या खिशात.

४. नोंदवहीत लिहा: किती जण, कुठे, अस्वलांवर पहारा कोणाचा, परत किती वाजता.

५. आता बाहेरचा थर.

६. दारातच रेडिओ तपासा. उत्तर ऐकू आल्याशिवाय पायरी उतरायची नाही.

चौथं आणि पाचवं उलटं करू नका. जाड कपड्यांत वही भरत उभं राहिलात की घाम सुरू.

## टप्पा ७: बर्फावर चालणं आणि जागा सांगणं

गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतो: पाणी गुडघ्याला की कमरेला. बर्फावर असा एकही मारुती नाही. जे काही रोवाल ते तुमच्याबरोबर वाहतं आणि शिवाय गोल फिरतंही. फोनमधल्या जीपीएसवर विसंबणारे इथेच गंडतात. सकाळी नऊ वाजता तंबूजवळ 'पिन' टाकली. बर्फ दिवसाला दहा किलोमीटरच्या वेगाने वाहतोय, म्हणजे तासाला चारशे मीटर. बारा वाजता फोन तुम्हाला ज्या जागी परत नेईल तिथून तंबू सव्वा किलोमीटर पुढे गेलेला असेल, आणि मध्ये उघडं पाणी असू शकेल. म्हणून कॅम्पवर जागा जहाजाच्या किंवा मुख्य तंबूच्या संदर्भाने सांगतात: जहाजाच्या नाकापासून अमुक दिशेला, अमुक मीटर. होकायंत्रावरही भिस्त नको. चुंबकीय ध्रुवाच्या जवळ सुई सुस्तावते.

चालायचं ते झेंड्यांच्या वाटेनेच. त्यात सुरक्षा आहेच, शिवाय तुमच्या पायाखाली दबलेला बर्फ मोजमापाला कायमचा निकामी होतो. शॉर्टकट मारणाऱ्या नव्या माणसावर बर्फाची जाडी मोजणारे लोक जेवढे चिडतात तेवढं अस्वलावरही चिडत नसतील.

उघड्या पाण्याच्या फटीला लीड म्हणतात. वर ताज्या बर्फाचा पापुद्रा आणि त्यावर भुरभुरलेला बर्फ असला की लीड दिसत नाही. राखाडी, ओलसर रंग दिसला की थांबा, काठीने ठोका, रेडिओवर कळवा, मग ठरवा. समुद्राचा बर्फ गोड्या पाण्याच्या बर्फापेक्षा मऊ आणि कमजोर असतो. काश्मीरमध्ये गोठलेल्या तळ्यावर चाललो होतो, हा अनुभव इथे घातक ठरतो.

सावध: पाण्यात पडलात तर पहिलं मिनिट फक्त श्वासासाठी. धाप लागते, ती ओसरू द्या. त्यानंतर हातपाय नीट चालतात अशी साधारण दहा मिनिटं मिळतात. ज्या बाजूने आलात त्याच काठाकडे वळा, कारण तिथल्या बर्फाने तुमचं वजन पेललेलं आहे. आकड्या रोवा, पाय मागे झाडत आडवे व्हा, वर आल्यावर उभे न राहता लोळत दूर जा.

## टप्पा ८: एक काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बर्फाचा गाभा काढणं

गाभा म्हणजे बर्फात उभी पोकळ नळी फिरवून काढलेला बर्फाचा दांडा. कॅम्पवर हे काम कधी ना कधी प्रत्येकाच्या वाट्याला येतं, आणि इथे क्रम चुकला की आकडे खोटे येतात.

१. जागा निवडा: जहाजाच्या धुरापासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला (वारा येतो त्या बाजूला), पाय न पडलेली.

२. पाऊल टाकण्याआधी वरच्या भुसभुशीत बर्फाची खोली मोजा. नंतर मोजायला काही उरत नाही.

३. तो बर्फ बाजूला सारा आणि कोअररने (गाभा कापणारी पोकळ नळीची ड्रिल) सरळ खाली जा. नेहमीच्या कोअररची नळी साधारण मीटरभर लांब आणि गाभा नऊ सेंटीमीटरचा. मध्येच थांबून गप्पा नकोत; थांबलेली नळी भोवतालच्या बर्फात चिकटते.

४. गाभा बाहेर आला की पन्हळीत आडवा ठेवा आणि वरचं टोक कोणतं यावर लगेच खूण करा.

५. लांबी नंतर, आधी तापमान. दर पाच किंवा दहा सेंटीमीटरवर बारीक भोक पाडून मध्यापर्यंत तापमापीची सळई घाला. एकाने भोक पाडायचं, दुसऱ्याने वाचायचं, तिसऱ्याने लिहायचं. गाभा हवेत आला त्या क्षणापासून बदलतोय.

६. खारटपणासाठी वेगळा गाभा काढा. तो पटापट कापून तुकडे झाकणाच्या डब्यांत बंद करा. बर्फाच्या बारीक नळ्यांत खारं पाणी असतं आणि ते टपकत राहतं. डबा उघडा ठेवलात की मीठच निथळून गेलं.

७. भोकातून फीत सोडून बर्फाची एकूण जाडी आणि पाण्याच्या पातळीपासून बर्फाचा वरचा काठ किती उंच, हे दोन्ही मोजा.

८. कोअररची नळी ठोकून लगदा काढून टाका. पाच मिनिटांनी निघणार नाही.

९. भोकावर झेंडा लावा. वर बर्फ भुरभुरला की ते भोक दुसऱ्याच्या पायासाठी सापळा होतं.

तपासा: सगळ्यात खालचं तापमान समुद्राच्या गोठणबिंदूच्या जवळ, उणे १.८ च्या आसपास यायला हवं, कारण तो बर्फ पाण्याला टेकलेला होता. उणे चार आलं तर तुम्ही उशीर केलात. आकडा 'दुरुस्त' न करता शेरा लिहा आणि दुसरा गाभा काढा.

या सगळ्यात एकमेकांच्या नाका-गालाकडे बघत राहा. पांढरा, मेणासारखा डाग दिसला की लगेच सांगा. बोट दुखतंय तोवर ठीक आहे. गरम न होताच दुखायचं थांबलं तर काम टाकून आत चला. चोळायचं नाही, बर्फाने तर मुळीच नाही.

## टप्पा ९: अस्वलाचा पहारा

पहारेकरी फक्त पहारा करतो. 'जरा कोअरर धर' असं त्याला म्हणायचं नाही आणि त्याने ऐकायचं नाही. नजर सगळीकडे फिरती हवी, विशेषतः बर्फाच्या उभ्या कड्यांच्या मागे. लघवीला जायचं असेल तर आधी दुसऱ्याला पहारा सोपवायचा.

अस्वल दिसलं की रेडिओ, मग सगळे एकत्र, मग जहाजाकडे चालत. पळायचं नाही, सामान गोळा करायचं नाही. फ्लेअर मारायची वेळ आली तर ती तुमच्या आणि अस्वलाच्या मध्ये पडायला हवी. अस्वलाच्या पाठीमागे पडली तर ते तुमच्याकडेच धावत येतं. रायफल हे शेवटचं साधन, आणि ती प्रशिक्षण झालेल्याच्याच हातात. कॉलेजात एनसीसीत नेमबाजी केली असेल तर आयोजकांना आधी सांगा, तुमचं नाव पहाऱ्याच्या यादीत लवकर लागेल.

## टप्पा १०: परत आल्यावर, आणि कॅम्पवरचं जगणं

दारातच रेडिओवर कळवा आणि वहीत परतीची वेळ लिहा. हे जेवणानंतर करायचं ठेवलंत तर कोणीतरी तुम्हाला शोधायला निघेल. मग बर्फ झटका, कॅमेरा पिशवीतच राहू द्या, बॅटऱ्या चार्जिंगला लावा, बुटाच्या आतलं अस्तर काढून वाळत घाला. अस्तर रोज काढायचं. एक रात्र बुटात राहिलं तर सकाळी बूट बर्फाचा.

तंबूच्या कॅम्पवर पाणी बर्फ वितळवून मिळतं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला, ठरवून दिलेल्या पट्ट्यातला वरचा भुसभुशीत बर्फ घ्या; खालचा, समुद्रबर्फाला टेकलेला थर खारट असतो. भांड्यात आधी थोडं पाणी हवं, नाहीतर बर्फ तळाशी करपतो आणि पाण्याला जळका वास येतो.

सावध: तंबूत स्टोव्ह किंवा हीटर चालू असताना हवेची वाट उघडी हवीच. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड झालं, मळमळलं तर 'थंडीने असेल' म्हणून झोपू नका; बाहेर या, सगळ्यांना बाहेर काढा.

घरचं खाणं न्या, पण विचार करून. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून नॉर्वेत आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे आणि तुपातले लाडू नाशिकलाच खा. चिवडा, मेतकूट, चटण्या बिनधास्त. खिशात न्यायचा खाऊ घरीच घासाएवढा तोडून न्या. उणे पंचविसात अखंड चिक्की दाताशी भांडते. मनुके उत्तम. शाकाहारी असाल, कांदा-लसूण खात नसाल, तर निघण्याच्या दोन महिने आधी कळवा. आचारी मदत करतात, पण समुद्रात किराणा मागवता येत नाही.

झोपेचं वेळापत्रक पाळा, उन्हाळ्यात डोळ्यांवर पट्टी बांधून. कचरा सगळा परत, संत्र्याच्या सालीसकट.

## टप्पा ११: बर्फ फुटला तर

फुटतोच. मोझॅकचा तुकडा सुरुवातीला साधारण अडीच बाय साडेतीन किलोमीटरचा होता. नोव्हेंबर २०१९ च्या वादळातच त्याला भेगा गेल्या, आणि ग्रीनलंड-स्वालबार्डमधल्या फ्रॅम सामुद्रधुनीजवळ पोचल्यावर जुलै २०२० च्या अखेरीस त्याचे तुकडे झाले. त्याआधीच तिथल्या लोकांनी सामान उचलायला घेतलं होतं, म्हणून फार काही गेलं नाही.

तयारी फुटण्याआधीची आहे. इंधन, अन्न आणि तंबू एकाच जागी ठेवत नाहीत. दोन-तीन ठिकाणी, भेगेच्या संभाव्य रेषेच्या दोन्ही बाजूंना. तुमच्या उपकरणाची वायर बर्फात गोठली असेल तर ती किती वेळात तोडून काढता येईल, हे आधी करून पाहा.

आवाज येतो: कधी गडगड, कधी दार करकरावं तसा. तेव्हाचा क्रम:

१. रेडिओवर जागा आणि वेळ सांगा.
२. माणसं मोजा. मोबाईलवर फोटो काढणाराही मोजा.
३. सगळे जहाजाच्या किंवा मुख्य तंबूच्या बाजूला. उपकरण पलीकडे राहिलं तर राहू द्या.
४. भेग स्थिर आहे की रुंदावतेय हे दुरून बघा. दोन काठांवर समोरासमोर झेंडे रोवा आणि दर दहा मिनिटांनी अंतर लिहा.
५. परत पलीकडे जायचं की नाही हे कॅम्पप्रमुखच ठरवतात. अंतर अर्ध्या पावलाचं असलं तरी उडी मारायची नाही. काठाखालचा बर्फ पाण्याने पोखरलेला असतो.
६. कॅम्प हलवावा लागला तर नवी जागा ठरल्यावर सगळे अंतर-दिशेचे आकडे नव्याने मोजा, जुन्या नोंदीत हलवल्याची यूटीसी वेळ टाका आणि जुन्या भोकांवरचे झेंडे अजून उभे आहेत का ते एकाला बघायला सांगा.